चौल: किनारा, बंदर आणि पुरावा

अलिबागहून दक्षिणेला सुमारे 17 किलोमीटरवर चौल-रेवदंडा लागते. पर्यटक येथे समुद्रात डुंबतात, पोर्तुगीज तटबंदीत फिरतात आणि गाव पाचशे वर्षांचे जुने असावे, असे समजून परततात. हा अंदाज किमान चौदाशे वर्षांनी कमी पडतो. कसा, ते पाहू.

लिखित साधने

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ हे बंदर येते. दुसऱ्या शतकात, भूमध्य समुद्रावरील अलेक्झांड्रियात राहणारा टॉलेमी त्याला ‘सिमुल्ला’ म्हणतो आणि स्थानिक लोक ‘तिमूला’ म्हणतात, अशीही नोंद करतो. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ हे नाव आढळते. परकी आणि देशी साधने एकमेकांवर अवलंबून नाहीत, तरी एकाच बंदराकडे बोट दाखवतात. म्हणून पुरावा भक्कम ठरतो. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सातवाहनकालीन अवशेषही मिळाले.

व्यापार कसा चाले?

जहाजे इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भारतात पोहोचत आणि हिवाळ्यात वारे उलटले की परत फिरत. पुढचा माल उंटांवरून आणि नाईल नदीतून भूमध्य समुद्रापर्यंत जाई. हा मार्ग शतकानुशतके टिकला. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून नवा मार्ग काढला, तेव्हा इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे उत्पन्न धोक्यात आले. त्याच्या आरमाराने 1508 मध्ये चौलजवळच पोर्तुगीजांना हरवले. त्यात व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द अल्मेडा मारला गेला. तरीही पोर्तुगीज टिकले. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आले. तोवर मुंबई वाढू लागली होती, खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले.

काय लक्षात ठेवाल?

दगडी तट उभा राहतो, म्हणून तोच दिसतो. लाकडी जहाजे, गोदामे आणि कापडाचे गठ्ठे मागे काही ठेवत नाहीत. जे दिसते तेवढाच वारसा मानला, तर बाकीची जमीन बिनमोलाची ठरते. मग घराचा पाया खणताना निघालेली खापरे सहज फेकली जातात. चौलला हा धोका आजचा आहे.

ही पद्धत समुद्रापासून दूरही चालते. तुम्ही पंजाबात खरडला शिकत असाल, तर जवळच्या रूपनगरला जा. तेथील टेकाडाखाली हडप्पाकालीन वस्ती सापडली आहे.

स्वाध्याय: तुमच्या गावाच्या नावाची सर्वांत जुनी नोंद शोधा. ती कोणी, कोठे बसून आणि कशासाठी केली, ते लिहा.