शोभेच्या दारूचा कोळसा

आमच्या जवाहरनगरचे नाव निघाले की परगावच्या आप्तेष्टांस प्रथम आठवतो तो येथील आयुधनिर्माणीचा कारखाना. अशा ठिकाणी राहून शोभेच्या दारूवर लिहावे, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु या विषयाचा एक धागा आपल्याच शेताच्या धुऱ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून ज्ञातिबांधवांसमोर हा अल्प प्रयत्न ठेवीत आहोत.

महाराष्ट्रात आतषबाजी नवी नव्हे. शके १४९३ मध्ये, म्हणजे इ. स. १५७१ साली, पूर्ण झालेल्या एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त विवाहप्रसंगी दारूकामाचे वर्णन आलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास १९५३ साली एका इंग्रजी निबंधात मांडला. जिज्ञासूंनी तो अवश्य मिळवावा.

दारूचे घटक तीन: सोरा, गंधक आणि कोळसा. पहिली दोन द्रव्ये बाजारातून येत. कोळसा मात्र करणाऱ्याने स्वतः पाडावा, आणि पारख व्हायची ती तेथेच. बाभूळ किंवा खैर यांचा कोळसा लोहाराच्या भात्यास उत्तम, कारण तो जड व टिकाऊ. दारूला नेमके उलटे हवे. लाकूड हलके, मऊ, सच्छिद्र व कमी राखेचे असावे. युरोपात याकरिता विलो व आल्डर ही झाडे निवडीत. शुक्रनीतीत रुई व निवडुंग यांचा कोळसा सांगितला असून तो धूर कोंडून करावा असे म्हटले आहे. हा भाग ग्रंथात मागाहून शिरला, असे अनेक संशोधक मानतात. ते खरे धरले तरी लिहिणाऱ्यास धंद्याची माहिती होती, यात शंका नाही. कारण उघड्यावर जाळल्यास हाती राख उरते, कोळसा नव्हे.

बंगालमध्ये इच्छापूर येथील इंग्रजांच्या दारूच्या कारखान्यातही तुरीच्या काड्यांचा कोळसा वापरीत. हे वाचले तेव्हा आम्ही थबकलो. आमचे आजोबा कधी इच्छापुरास गेले नव्हते. पण दिवाळीच्या भुईनळ्यांकरिता तेही तुऱ्हाट्याच निवडीत. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरील तूर निघाली की वाळलेल्या, किडक्या नसलेल्या काड्या ते वेगळ्या बांधून ठेवीत. मोडताना काडी कट्‌कन तुटली पाहिजे, एवढीच त्यांची परीक्षा. मडक्यात कोंडून पाडलेला तो कोळसा बोटांवर रेशमासारखा लागे, हे आम्हांस अजून आठवते.

हा प्रकार आमच्या घरात एकाएकी बंद झाला. एका दिवाळीस मिश्रण कुटीत असता आमच्या धाकट्या काकांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. काका पुढे डाव्या हाताने लिहावयास शिकले. आजोबांनी त्याच रात्री मडके फोडले आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. काड्यांची पारख त्यांना होती. घर्षणाने पेट घेणाऱ्या द्रव्यापुढे ती कामाची नव्हती. म्हणूनच प्रमाण व कृती आम्ही येथे दिलेली नाही. परवान्यावाचून घरी दारू करणे १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि त्या खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

इकडे तोफांच्या दारूतून कोळसा केव्हाच बाहेर पडला. १८८० नंतर जर्मनीत राय नामक धान्याच्या अर्धवट जाळलेल्या काडापासून तपकिरी दारू निघाली. पण १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजची निर्धूम दारू सिद्ध केली आणि काड, काड्या, विलो सारेच मागे पडले. धोका मात्र गेला नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी आमच्या येथील कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्या सकाळचा आवाज वसाहतीत कोणी विसरलेले नाही.

यंदा सुनेने माहेरून तुऱ्हाट्यांचा एक भारा आणला. चुलीला लवकर धरतात, म्हणाली. आम्ही सवयीने एक काडी मोडून पाहिली. कट्‌कन तुटली.