स्त्रीबीज काढताना भूल व वेदनाशमन

आयव्हीएफ उपचारात पक्व स्त्रीबीजे सुईने बाहेर काढताना दिली जाणारी गुंगी आणि वेदनाशामक औषधे. दवाखान्यात या प्रक्रियेला ‘एग पिकअप’ म्हणतात.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या काळी बीजे बहुधा पोटातून दुर्बीण घालून, पूर्ण भूल देऊन काढत. पुढे सोनोग्राफीत पाहत योनिमार्गे सुई नेण्याची पद्धत रुळली आणि काम साधारण १० ते २० मिनिटांवर आले.

सुई योनीची भिंत भेदून अंडाशयात शिरते तेव्हा दुखते. मात्र सर्वांना सारखे नाही. एंडोमेट्रिऑसिस, जुन्या शस्त्रक्रियेने चिकटलेले अवयव, गर्भाशयामागे दडलेले अंडाशय, फॉलिकलची (बीज असलेल्या पिशव्यांची) मोठी संख्या, आधीच्या तपासणीत बसलेली धास्ती, यांपैकी काहीही त्रास वाढवू शकते. बाईने एवढे सोसायचेच, ही समजूत इथे घातक आहे. एचएसजीच्या (गर्भनलिकांच्या एक्स-रे तपासणीच्या) वेळी असह्य दुखले होते का, हे भूलतज्ज्ञाने आपणहून विचारले पाहिजे.

शिरेतून प्रोपोफॉल व फेंटानिल देण्याची पद्धत सर्रास आढळते. काही ठिकाणी मिडॅझोलाम किंवा गर्भाशयमुखाशेजारी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात कोणतीही एकच पद्धत निर्विवाद सरस ठरली नाही. गुंगीला दुसऱ्या वेदनाशमनाची जोड दिली की आराम अधिक पडतो, असे मात्र दिसले. गुंगी वाढली की श्वास मंदावतो. म्हणून वजन, घोरणे, दमा, औषधांची ॲलर्जी पाहून मात्रा ठरते. ती थोडी थोडी देत ऑक्सिजन, नाडी व रक्तदाबावर नजर ठेवतात. आधी सहा तास जेवण बंद असते, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा २०२१ चा. त्याखालील २०२२ च्या नियमांनुसार आयव्हीएफ करणाऱ्या केंद्रात भूलतज्ज्ञ असावा लागतो.

बहुतेकींना त्याच दिवशी घरी सोडतात. उदाहरणार्थ, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पावणे एमआयडीसीत कामाला असलेल्या स्त्रीने त्या दिवशीची शिफ्ट आधीच बदलून घ्यावी: २४ तास स्कूटर चालवायची नाही, यंत्रावर उभे राहायचे नाही, न्यायला घरचे माणूस हवे. पोटात हलक्या कळा, किंचित रक्तस्राव अपेक्षित आहे. पोट फुगणे, सतत उलट्या, चक्कर, ताप, वाढत जाणारी वेदना किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास लगेच केंद्राला कळवावे, रात्र असली तरी.