चारुलता : दृश्यरचना

सत्यजित राय यांचा बंगाली चित्रपट (१९६४). रवींद्रनाथ टागोरांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या कथेवर आधारित. काळ १८७९-८० चा, स्थळ कलकत्त्यातील एका सधन वृत्तपत्र-संपादकाचे घर. कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त, छायालेखन सुब्रत मित्रा.

नायिका चारूचा (माधवी मुखर्जी) एकटेपणा संवादांपेक्षा घराच्या मांडणीतून अधिक कळतो. नक्षीदार भिंती, जड लाकडी सामान, लांब व्हरांडा, खिडक्यांच्या झडपा : सुखसोयींत काही कमी नाही, बोलायला मात्र कोणी नाही. आरंभीच्या जवळजवळ मूक प्रसंगात ती रुमालावरचे भरतकाम बाजूला ठेवते, दांडीची छोटी दुर्बीण घेते आणि या खिडकीतून त्या खिडकीत जात झडपा किलकिल्या करून रस्त्यावरची माणसे पाहत राहते. पुढे पती भूपती पुस्तकात डोके घालून तिच्या जवळूनच निघून जातो, तिची दखलही घेत नाही. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर ती तीच दुर्बीण रोखते. नवराही रस्त्यावरच्या परक्यांइतकाच दूर आहे, हे एका वस्तूने सांगितले आहे. ऐतिहासिक वस्तूचा इतका नेमका भावनिक उपयोग भारतीय चित्रपटात विरळाच.

बागेतील झोपाळ्याच्या दृश्यात कॅमेरा चारूसोबत झुलतो. तिचा चेहरा स्थिर राहतो, मागची झाडे हलतात आणि नात्याने दीर असलेल्या अमलविषयीची ओढ तिला उमगू लागते. शेवटी पतिपत्नींचे एकमेकांकडे येणारे हात स्थिरचित्रांत थांबतात, जुळत नाहीत.

या चित्रपटासाठी राय यांना १९६५ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले.