बॅकअपच्या प्रवासाला एन्क्रिप्शनचे कुलूप

छत्रपती संभाजीनगर : वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत रात्रपाळी सुरू असते, तेव्हा कार्यालयांतील संगणकांचीही एक पाळी सुरू होते. दिवसभरात नोंदवलेली बिले, सुट्या भागांची रेखाचित्रे, कामगारांचे वेतन व भविष्य निर्वाह निधीचे तपशील यांची प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी पाठवली जाते. हाच तो बॅकअप. बॅकअप घेतला जातो की नाही, याची चौकशी बहुतेक संस्थांत होते. मात्र ही प्रत ज्या वाटेने जाते ती वाट सुरक्षित आहे का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रत दूर का पाठवावी?

मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच इमारतीत असेल, तर एकाच आपत्तीत दोन्ही नष्ट होऊ शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबई पाण्याखाली गेली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली भस्मसात झाल्या. या दोन घटनांनी दूरच्या प्रतीचे मोल राज्याला दाखवून दिले. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा '३-२-१' नियम संगणक व्यवस्थापकांमध्ये म्हणूनच रूढ आहे.

उद्योगनगरीला जवळचे उदाहरण मार्च २०२१ मधील आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजेच एमआयडीसीच्या संगणक यंत्रणेवर 'सिनॅक' या खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. मुंबईतील मुख्यालयासह राज्यातील १६ प्रादेशिक कार्यालयांच्या कामकाजाला त्याची झळ बसली. माहितीचा बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेला असल्याने तो बचावला, असे महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले होते. प्रत वेगळी ठेवण्याचे महत्त्व यातून दिसते. परंतु प्रत वेगळी ठेवायची, तर तिला प्रवास करावाच लागतो.

वाटेत काय घडू शकते?

साठवलेल्या माहितीला कुलूप लावणे आणि प्रवासातील माहितीला कुलूप लावणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत. सर्व्हरच्या डिस्कवर एन्क्रिप्शन असले, तरी बॅकअप घेताना माहिती उलगडून वाचली जाते. पुढे ती उघडीच पाठवली, तर ते पोस्टकार्ड ठरते. वाटेतील कोणीही ते वाचू शकतो. शिवाय बॅकअप हा संपूर्ण संस्थेचा गोषवारा असतो. इतर ठिकाणी विखुरलेली माहिती येथे एकत्र बांधलेली सापडते.

पूर्वी हा प्रवास मोटारीतून होई आणि मोठ्या संस्थांत आजही होतो. अमेरिकेतील टाइम वॉर्नर कंपनीच्या बॅकअप टेप वाहतुकीदरम्यान गहाळ झाल्याचे मे २००५ मध्ये उघड झाले. त्यांवर सुमारे ६ लाख आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती होती आणि ती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. २००७ मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ-४ जातीच्या टेप ड्राइव्हमध्ये एन्क्रिप्शनची सोय यंत्रातच देण्यात आली.

'आमची लाइन खासगी भाड्याची आहे, तिच्यात बाहेरचा कोण शिरणार?' असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. त्याला ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर मिळाले. गुगल आणि याहू यांच्या डेटा सेंटरना जोडणाऱ्या खासगी वाहिन्यांवरील माहिती अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचर संस्था टिपत असल्याचे 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे प्रसिद्ध केले. त्यानंतर गुगलने आपल्या केंद्रांमधील अंतर्गत वाहतूकही एन्क्रिप्ट करण्याच्या कामाला वेग दिला. लाइन खासगी असणे आणि तिच्यावरील माहिती गुप्त असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

हुंडीचा जुना धडा

दूरच्या पेठेत रोकड पाठवण्याऐवजी हुंडी पाठवण्याची रीत आपल्या व्यापाऱ्यांनी शतकानुशतके पाळली. शहाजोग हुंडी वाटमाऱ्याच्या हाती लागली, तरी त्याला तिचा उपयोग नसे, कारण पतदार आसामीलाच तिचे पैसे मिळत. आजची 'टीएलएस' ही पद्धत याच तत्त्वाच्या जवळची आहे. बॅंकेचे संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या पट्टीत दिसणारे 'एचटीटीपीएस' याच पद्धतीवर चालते.

बॅकअप पाठवणारा व स्वीकारणारा संगणक प्रथम परस्परांची ओळख पटवतात. त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र वापरले जाते. ओळख पटल्यावर त्या सत्रापुरती गुप्त किल्ली ठरते. मग माहितीचा प्रत्येक तुकडा त्या किल्लीने कूटबद्ध होऊन निघतो आणि वाटेत त्यात बदल झाला असल्यास तो पलीकडे पोहोचताच लक्षात येतो. कूटबद्ध करण्यासाठी साधारणपणे अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाणित केलेली 'एईएस' पद्धत वापरतात. टीएलएसची १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली, १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आल्या.

यातील ओळख पटवण्याची पायरी वगळली, तर एन्क्रिप्शनचा अर्थच उरत नाही. मधे बसलेला भामटा स्वतःला बॅकअप सर्व्हर म्हणवून सारी माहिती घेऊ शकतो. प्रमाणपत्राची सूचना त्रासदायक वाटते म्हणून तपासणी बंद करणे, ही चूक म्हणूनच महागात पडते.

पुण्याशी नाते

बॅकअपच्या क्षेत्रात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. 'नेटबॅकअप' या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीची निर्माती व्हेरिटास हिचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. कंपनीचा डेटा संरक्षण व्यवसाय डिसेंबर २०२४ मध्ये कोहेसिटीत विलीन झाला. व्हेरिटासमधील अनुभव गाठीशी असलेल्या अभियंत्यांनी २००८ मध्ये पुण्यातच 'ड्रुवा' ही क्लाउड बॅकअप कंपनी उभारली. नेटबॅकअपच्या २०१७ मधील ८.१ आवृत्तीत संगणकांमधील नियंत्रणाचे संदेश प्रमाणपत्राच्या आधारे सुरक्षित झाले. प्रत्यक्ष माहितीच्या प्रवाहाला एन्क्रिप्शन देण्याची सोय नंतरच्या आवृत्त्यांत आली. त्यामुळे आदेश सुरक्षित असले, तरी माहिती उघडी असू शकते, हे प्रणाली बसवणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे. ही सोय असली, तरी ती चालू केलेली आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

वेग कमी होतो का?

एन्क्रिप्शनमुळे बॅकअप रेंगाळतो, ही तक्रार जुन्या यंत्रांबाबत खरी होती. २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना अंतर्भूत होऊ लागल्या आणि हा भार बराच हलका झाला. खरी अडचण लाइनच्या क्षमतेची असते. ५०० गिगाबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिटच्या लाइनवरून पाठवायला, लाइन पूर्ण क्षमतेने चालली तरी, ११ तासांहून अधिक वेळ लागतो. रात्र तेवढी मोठी नसते. म्हणूनच रोज केवळ बदललेली माहिती पाठवली जाते आणि ती आधी संकुचित केली जाते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. कूटबद्ध माहिती संकुचित होत नाही. त्यामुळे आधी संकोचन आणि मग एन्क्रिप्शन, हाच योग्य क्रम ठरतो.

कायदा काय सांगतो?

रिझर्व्ह बॅंकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बॅंकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या अधिनियमाच्या नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शन आणि बॅकअप या दोहोंचा उल्लेख आहे. ही तरतूद अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होते. लहान पुरवठादाराकडेही कामगारांचे आधार क्रमांक व बॅंक खाती असतातच. त्यामुळे हा विषय केवळ बड्या कंपन्यांचा राहिलेला नाही.

काय तपासावे?

* बॅकअपच्या माहितीचा प्रवाह एन्क्रिप्ट होतो का, की केवळ लॉग-इन आणि आदेश?
* टीएलएसच्या १.२ पेक्षा जुन्या आवृत्त्या बंद केल्या आहेत का?
* दोन्ही बाजूंच्या संगणकांची ओळख प्रमाणपत्राने पटवली जाते का आणि प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, याची नोंद कोणाकडे आहे? मुदत संपली, की बॅकअप थांबू शकतो.
* प्रत पोहोचल्यावर ती पलीकडेही कूटबद्ध स्वरूपात राहते का? टीएलएसचे संरक्षण प्रवासापुरतेच असते.
* साठवलेली प्रत उलगडण्याच्या किल्ल्या बॅकअपपासून वेगळ्या व किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे आहेत का? किल्ली हरवली, तर स्वतःची प्रतही परक्यासारखी होते.
* बॅकअपमधून माहिती परत मिळवण्याची तालीम शेवटची कधी झाली?

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत साधा, पण सर्वाधिक दुर्लक्षित आहे. रोज रात्री 'बॅकअप पूर्ण' असा संदेश येतो आणि सारे निर्धास्त होतात. ती प्रत वाटेत कोणी पाहिली नाही आणि गरजेच्या दिवशी ती उघडेल, या दोन्ही गोष्टींची खात्री त्या संदेशातून मिळत नाही. ती वेळीच करून घ्यावी लागते.