'इरमनुमा' ते विकाराबाद

निजामी अमदानीत दफ्तरात क्षयाला 'दिक' म्हणत, वैद्य 'राजयक्ष्मा' म्हणत. घरात मात्र त्याचे नावच घेत नसत. मुलीचे लग्न अडायचे ना! रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी या रोगाचा जंतू दाखवून दिला, पण स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले. मधली साठ वर्षे सरकारजवळ देण्यासारखे होते ते एवढेच : मोकळी हवा, विश्रांती, दूधदुभते आणि इतरांपासून वेगळी खाट.

म्हणून हैदराबादेतील क्षयाच्या बंदोबस्ताची कथा दवाखान्याआधी घरांपासून सुरू होते. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराने वस्त्यांबरोबर अफजलगंजचा दवाखानाही नेला. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. दाट, अंधाऱ्या वस्त्या हटवून मल्लेपल्लीसारख्या भागांत हवेशीर घरे बांधली गेली. पाडलेल्या घरातील प्रत्येकाला नव्या घराचे भाडे परवडले असेल, हे मात्र मला पटत नाही. १९२५ मध्ये मुसीकाठी उस्मानिया दवाखाना उभा राहिला. इमारत भव्य, पण सर्वसाधारण दवाखान्यात महिनोन्‌महिने एक खाट अडवणारा क्षयरोगी कोणाला हवा असणार?

क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम झाले ते हैदराबादच्या पश्चिमेस, विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात, १९४० नंतरच्या दशकात. पुढे शहराबाहेर एर्रागड्ड्यास नवाब फखरुल्मुल्क यांच्या 'इरमनुमा' महालातही छातीच्या रोगांचे रुग्णालय आले. इरम म्हणजे स्वर्गोद्यान. चैनीसाठी बांधलेल्या वास्तूत खोकणाऱ्यांच्या खाटा लागल्या.

आपल्या भागाला अनंतगिरी अधिक जवळची. परळी, उदगीर, बिदर आणि विकाराबाद एकाच लोहमार्गावर. पण तिकीट काढले म्हणजे इलाज झाला असे नव्हते. व्हरांड्यात पडून राहायचे, पचेल तितके खायचे. काहींच्या छातीत हवा भरून आजारी फुप्फुस दाबून ठेवीत. हे महिने-वर्ष चालणार. ज्याच्या मजुरीवर चूल पेटते त्याने वर्षभर डोंगरावर राहायचे, तर मागे घरच्यांनी खायचे काय? आरोग्यधाम सरकारी असले, तरी तेथे राहण्याची सवड सरकार देऊ शकत नव्हते. माझ्या मते खरी अडचण येथेच होती. खाटांची कमतरता तिच्या मागून येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी याच मार्गावरची परळी मुंबई राज्यात गेली, बिदर म्हैसुरात आणि विकाराबाद आंध्रात. तोवर औषधे आली होती. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले, की घरी राहून नियमित औषधे घेणारा रोगी आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोकाही वाढत नाही. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा क्षयकेंद्रे निघू लागली. आता मजुराला चूल सोडून डोंगर गाठायचा नव्हता. पण गोळ्या आणायला, नाव न घेतलेल्या रोगाच्या खिडकीपुढे, चारचौघांत उभे राहायचे होते.