पडण्याची विद्या

ज्युदो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? पांढरा जाड सदरा घातलेला, कमरेला काळा पट्टा कसलेला एखादा तरुण, आणि त्याने खांद्यावरून धाडदिशी खाली आपटलेला दुसरा तरुण. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर कचेरीत मान मोडून बसणाऱ्या आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही उद्याच्या कामाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा या प्रकाराशी काय संबंध, असे आपण सहज विचाराल. संबंध आहे, आणि तो जुना आहे. ज्यांनी ही विद्या घडविली, त्या जिगोरो कानो यांनीच तो जोडून ठेवला आहे. मात्र त्या दमलेल्या माणसाला उपयोगी पडतो तो आपटणारा तरुण नव्हे. उपयोगी पडतो तो आपटला गेलेला, आणि लगेच हसत उठून उभा राहिलेला दुसरा.

आधी एका बड्या शिकाऊ माणसाची गोष्ट सांगतो. १९०४ सालचा मार्च महिना. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पंचेचाळीस वर्षांचे होते. निवडणूक त्याच वर्षी, आणि महिन्याभरापूर्वीच रशिया व जपान यांच्यात युद्ध पेटलेले. अशा धामधुमीत हे गृहस्थ व्हाइट हाउसमध्ये गाद्या अंथरून आठवड्यातून तीनदा जपानी कुस्ती शिकत होते. त्यांचे गुरू योशित्सुगु यामाशिता हे कानोंच्या अगदी आरंभीच्या शिष्यांपैकी एक. रूझवेल्ट अंगाने चांगलेच आडवे. त्यांनी मुलांना लिहिलेल्या पत्रांत या शिकवणीची हकीकत आहे. आपले वय आणि आपला बांधा पाहता कोणाच्या डोक्यावरून भिरकावले जाणे काही शोभणारे नाही, पण ही माणसे इतकी कुशल आहेत की आपल्याला इजा होत नाही, असे ते मार्चमध्ये कळवितात. एप्रिलातले पत्र निराळे आहे. घोटा सुजला, मनगट सुजले, अंगठे दुखावले, अंगावर काळेनिळे डाग उमटले. शिकलो याचा आनंद आहे, पण एवढ्या कामाच्या व्यापात पुन्हा याच्या वाटेला जाईन की नाही सांगता येत नाही, असा त्याचा भावार्थ. मला हे दुसरे पत्र जास्त आवडते. प्रौढपणी आखाड्यात उतरणाऱ्याने दोन्ही पत्रे वाचून मग उतरावे.

आता कानोंकडे वळू. त्यांचा जन्म १८६० चा, कोबे शहराजवळच्या मिकागे या गावी. घराण्याचा व्यवसाय साके गाळण्याचा. अंगाने किरकोळ, उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास, आणि बुद्धी तल्लख. शाळेत असा मुलगा दांडग्यांच्या तावडीत सापडतोच; तसा तो सापडला. जुजुत्सू नावाची एक जुनी विद्या आहे आणि तिने दुबळा बळकटाला लोळवू शकतो, असे त्याच्या कानावर आले, आणि त्याने ती शिकण्याचा ध्यास घेतला. पण शिकवणार कोण? १८६८ नंतर जपानने नवी कात टाकली होती. सामुराईंचा जमाना गेला होता, १८७६ मध्ये त्यांच्या कमरेची तलवारही कायद्याने गेली होती. जुन्या विद्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. जुजुत्सूचे कित्येक वस्ताद हाडवैद्यकी करून पोट भरीत होते. हात मोडण्याची विद्या ज्याला येते त्याला तो बसवताही येतो, हे ओघानेच आले! तेव्हा तरुण कानोंनी काय केले, तर तोक्योमधल्या हाडवैद्यांकडे चौकशी सुरू केली. अशा शोधात १८७७ साली त्यांना हाचिनोसुके फुकुदा हे गुरू भेटले.

फुकुदांची शिकविण्याची रीत कानोंनी पुढे सांगितली आहे. एके दिवशी गुरूंनी त्यांना एका डावाने फेकले. कानो विद्यापीठात शिकणारे. त्यांनी विचारले, हात कसा धरायचा, पाय कुठे टाकायचा? गुरूंनी उत्तर न देता त्यांना पुन्हा बोलावले आणि पुन्हा फेकले. पुन्हा प्रश्न, पुन्हा फेक. असे किती वेळा फेकले जातोस तितके शिकशील, एवढाच त्यातला बोध. कानोंच्या हातापायांवर त्या दिवसांत मलमपट्ट्या असत आणि सोबती त्यांची थट्टा करीत.

याच मेहनतीबद्दल कानोंनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. आपण तरुणपणी भारी तापट होतो. या मेहनतीने प्रकृती सुधारत गेली तसतसा स्वभावही शांत होत गेला आणि मनावर ताबा आला, असे ते म्हणतात. म्हणजे बघा, शिकायला गेले ते दांडग्यांना लोळवायला, आणि हाती लागले ते निराळेच. माझ्या समजुतीप्रमाणे ज्युदोचा खरा जन्म इथे झाला.

फुकुदा १८७९ साली वारले. त्यानंतर कानोंनी आणखी दोन गुरू केले, आणि १८८२ च्या मे महिन्यात तोक्योतील एइशोजी या बौद्ध देवळात स्वतःची तालीम काढली. तिचे नाव कोदोकान. जागा बारा चटयांची, म्हणजे सुमारे दोनशे चौरस फूट. आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. फेकाफेकीने देवळाची जमीन हादरे आणि आत मांडलेले मृतांचे स्मृतिफलक पडत, अशी तक्रार होती. जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार कानोंनी सरावातून वगळले आणि ‘जुत्सू’ म्हणजे कसब, या शब्दाच्या जागी ‘दो’ म्हणजे मार्ग, हा शब्द घातला. ‘जु’ म्हणजे लवचीकपणा, नमते घेणे.

पण कानोंच्या कामगिरीतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला विचाराल तर तो कोणत्याही डावात नाही. तो आहे पडण्याच्या शिक्षणात. या शिक्षणाला जपानीत उकेमी म्हणतात. जुन्या तालमींतही पडण्याचे तंत्र होतेच, पण ज्युदोत ती पहिली पायरी ठरली. नवा माणूस आला की पहिले कित्येक दिवस त्याला फक्त पडायला लावतात. आधी बसून मागे पडायचे, मग उकिडवे बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीकडे घ्यायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ टेकता टेकता आख्ख्या हाताने चटईवर सणसणीत थाप मारायची आणि श्वास बाहेर सोडायचा. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला यासारखी अवघड गोष्ट नाही. लहान मूल दिवसातून वीस वेळा पडते आणि विसरून जाते. मोठा माणूस वर्षानुवर्षे पडलेलाच नसतो. तोल जातोय असे कळताच त्याचा श्वास अडकतो, खांदे कानाशी जातात, दात आवळले जातात, हात पुढे येऊन ताठ होतो. आणि नेमक्या त्या ताठ हाताचेच मनगट मोडते.

आता आपणच विचार करा : साहेबांचे बोलावणे आले, घरभाडे थकले, मुलाच्या परीक्षेचा निकाल लागायचा आहे, अशा वेळी आपल्या शरीराचे काय होते? तेच. श्वास अडकतो, खांदे वर, दात घट्ट. आजकाल ज्याला आपण ताण म्हणतो तो बऱ्याच अंशी न पडताच पडण्याच्या पवित्र्यात दिवसभर राहणे होय. ही केवळ माझी कल्पना नव्हे. मोशे फेल्डेनक्रायस नावाचा एक इंजिनियर पॅरिसमध्ये होता. १९३३ साली तिथे त्याची कानोंशी भेट झाली, ज्युदोने तो भारावला आणि फ्रान्समध्ये ती विद्या रुजविण्यात त्याने पुढाकार घेतला. १९४९ मध्ये त्याने शरीर आणि प्रौढ वर्तन यांवर एक ग्रंथ लिहिला. माणसाला उपजत असणारे भय हे पडण्याचे असून आपल्या चिंतेची मुळे त्यात आहेत, असे त्याने तिथे मांडले. सगळ्यांनीच हे मत मानले असे नाही. पण चटईवर शेकडो वेळा पडलेल्या माणसाला ते सुचावे, यात मला नवल वाटत नाही.

आपल्या तालमीशी ताडून पाहण्यासारखी एक गोष्ट इथे आहे. लाल मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली, पैलवान चीतपट झाला. ज्युदोच्या सामन्यातही स्वच्छ पाठीवर पडलेला हरतो. पण सरावात तिथे पाठ टेकणे हा रोजचा व्यवहार असतो. कोणी मोजत नाही, कोणी शिट्ट्या मारीत नाही. आणि दुसरे असे की फेकणारा जोडीदार तुमची बाही सोडत नाही. शेवटच्या क्षणी तो ती वर ओढून धरतो, म्हणजे तुमचे डोके वर राहते आणि तुम्ही नीट कुशीवर उतरता. ज्याने पाडले त्याच्याच हाती तुमची सुरक्षितता असते. रूझवेल्टना सुरुवातीला इजा झाली नाही ती याच हाताच्या गुणाने. दिवसभर चढाओढीत राहिलेल्या माणसाला संध्याकाळी असा प्रतिस्पर्धी भेटणे ही साधी गोष्ट नव्हे.

कानो पेशाने शिक्षक होते. १८८९ मध्ये शिक्षणविषयक संस्थेपुढे केलेल्या व्याख्यानात त्यांनी ज्युदोची तीन अंगे सांगितली : शरीराचे शिक्षण, लढण्याचे कसब आणि शीलाची जोपासना. पुढे १९१३ मध्ये त्यांनी चौथे अंग जोडले. त्याचा अर्थ मनाला विसावा देण्याची रीत. अंग मोकळे करण्यातले सुख, डाव साधल्याचा आनंद, आणि दुसऱ्याचा देखणा डाव पाहण्यातले समाधान, हे सगळे त्यांनी त्यात धरले. तेव्हा ज्युदोने मन हलके होते हा शोध आजच्या व्यायामशाळांचा नाही; खुद्द संस्थापकाने तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अभ्यासक्रमात बसविला होता.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल. पडायला न शिकवता फेकायला सुरुवात केली की ही विद्या जीवावर उठते. खुद्द जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीस वर्षांत शाळांमधील ज्युदोत शंभरावर मुले दगावली. त्यांतली पुष्कळशी डोक्याला मार लागून, आणि पुष्कळशी नवशिकी. जिथे विद्या जन्मली तिथे हे व्हावे, याचे वाईट वाटते. जो गुरू पहिल्याच आठवड्यात तुम्हाला लढतीला उभे करतो, त्याच्या तालमीतून सरळ घरी यावे. वय झाले असेल, कंबर किंवा गुडघा धरलेला असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे.

आपल्या देशात ही विद्या आणली ती एका कवीने. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ सालीच शांतिनिकेतनात जुजुत्सूचा जपानी शिक्षक ठेवला होता. १९२९ मध्ये जपानहून परतल्यावर त्यांनी कोदोकानचे शिन्झो ताकागाकी यांना बोलावून घेतले. मुलांबरोबर मुलीही शिकू लागल्या. त्या काळी मुलींनी सर्वांदेखत फेकाफेकी करावी, हे बंगाली समाजाच्या पचनी पडणे कठीणच होते. १९३१ मध्ये कलकत्त्यात त्यांचा जाहीर प्रयोग झाला, तेव्हा रवींद्रनाथांनी त्यासाठी मुद्दाम एक गीत रचले. त्याचा विषय होता संकोचाने आणि भयाने स्वतःलाच दुबळे करून घेण्याची माणसाची खोड. ताकागाकी दोनेक वर्षांनी गेले आणि काम पुढे रेंगाळले. पण कवीला या विद्येतले मर्म अचूक सापडले होते, असे म्हणावेसे वाटते.

फेकणे-पडणे ज्यांना मुळीच झेपणार नाही अशांचाही कानोंनी विचार केला होता. १८८७ च्या सुमारास त्यांनी ‘जु नो काता’ नावाचा एक क्रम बसविला. त्यात दोघे जण संथपणे एकेक हल्ला आणि त्याची सोडवणूक करून दाखवितात. फेक अगदी टोकापर्यंत येते, पाठीवर उचलले जाते, पण आपटणे नाही. साध्या कपड्यांत, साध्या जमिनीवर, वय झालेल्यांनाही करता येते. हा क्रम ज्यांनी जगभर नेला त्या केइको फुकुदा. कानोंचे पहिले गुरू हाचिनोसुके फुकुदा यांची नात. आजोबांच्या स्मरणार्थ झालेल्या समारंभात कानोंनी तिला शिकायला बोलावले, आणि १९३५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती कोदोकानच्या स्त्री-विभागात दाखल झाली. उंची पाच फुटांहून कमी. घरच्यांची अपेक्षा होती की लग्न करील. तिने केले नाही. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये त्यांनी जु नो काता करून दाखविला. स्त्री म्हणून त्यांना पाचव्या श्रेणीवरच जवळजवळ वीस वर्षे अडवून ठेवले होते. २००६ मध्ये कोदोकानने त्यांना नववी श्रेणी दिली. त्याच्या कितीतरी आधीच त्या सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाल्या होत्या, आणि नव्वदी उलटल्यावरही तालमीत खुर्ची टाकून बसत व शिकवीत असत. २०१३ च्या फेब्रुवारीत, शंभरीला दोन महिने उरले असताना, त्या वारल्या.