वस्तरा, रेझर आणि सलूनची खुर्ची

दाढी हा काय इतिहासाचा विषय आहे, असे कोणी विचारील. ज्यांच्या हनुवटीला वस्तरा कधी नाकारला गेला नाही, त्यांच्यापुरता तो नसेलही. राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा लिहून ठेवणाऱ्यांना गावात कोणाची दाढी कोण करीत असे आणि कोणाची कोणीच करीत नसे, हे टिपून ठेवावेसे वाटले नाही. माझ्या पिढीच्या माणसाला मात्र हा इतिहास स्वतःच्या गालावर वाचता येतो. माझ्या उजव्या जबड्याखाली एक बारीक पांढरा व्रण आहे. तो माझ्या वडिलांच्या हातच्या वस्तऱ्याचा आहे. वडील न्हावी नव्हते. गावातल्या न्हाव्याने आम्हाला हात लावायचा नाही, असा नियम होता, म्हणून ते न्हावी झाले होते.

आमचे गाव धर्माबाद स्टेशनपासून दीड कोसावर. गोदावरी जवळ, पलीकडे बासर. मिरचीच्या बाजारासाठी धर्माबादला येणारा माणूस मराठी बोले, तेलुगू बोले आणि कचेरीचे काम निघाले की उर्दूही बोले. निजामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात गेले तेव्हा मी लहान पोर होतो. आमच्या भागात न्हाव्याला तीन भाषांत तीन नावे होती. मराठीत वारीक, तेलुगूत मंगली आणि उर्दूत हज्जाम. तिन्हींपैकी कोणत्याही नावाने हाक मारली तरी तो महारवाड्यात येत नसे.

वाड्यात एकच वस्तरा होता. धर्माबादच्या बाजारातून कोणीतरी जुनापाना आणलेला, पाते झिजून बोटभर उरलेले. वडील तो दगडावर घासत, मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढत. आठवड्यातून एकदा लिंबाखाली दहापंधरा माणसे ओळीने बसत. साबण असला तर कपडे धुण्याचा, नसला तर नुसते गार पाणी. एकाच धारेखाली सगळ्यांच्या हनुवट्या जात. धार बोथट होत गेली की शेवटच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येई. मला मिसरूड फुटले तेव्हा मी त्या ओळीत शेवटचा होतो.

एकदा वडिलांनी गावच्या म्हाताऱ्या न्हाव्याला विचारल्याचे मला आठवते. तो म्हणाला, ‘तुझी दाढी करायला माझं काय जातंय बाबा? पण उद्या ह्याच वस्तऱ्यानं गाव दाढी करून घील का?’ त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, भीती होती. हे नीट समजून घेतले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली निघाला. त्यात बलुतेदारीची जी मांडणी आहे ती पाहिली म्हणजे ध्यानात येते की न्हावीही बलुतेदार आणि महारही बलुतेदार. दोघेही कुणब्याच्या खळ्यावर धान्यासाठी उभे राहणारे. तरीही एकाने दुसऱ्याला शिवायचे नाही. वस्तरा न्हाव्याच्या हातात होता खरा. पण तो कोणावर चालवायचा आणि कोणावर नाही, हे ठरवणारा हात दुसराच होता. पंढरीच्या वाळवंटात सेना न्हावी आणि चोखामेळा यांची नावे एका दमात घेणाऱ्या गावातच हे चालले होते.

हाच वस्तरा दुसऱ्या एका घरात नेमका उलटा वागत होता. ब्राह्मण विधवेच्या डोक्यावर तो तिच्या इच्छेविरुद्ध चालवला जाई. एकीवर बळजबरीने चालायचा, दुसऱ्यावर विनवूनही चालायचा नाही. आणि दोन्हीकडे धर्म एकच. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. म्हणजे न्हाव्याचा हात नकार देऊ शकत होता. व्यवस्थेने शिकवलेला नकार तो आम्हाला देत होता आणि व्यवस्थेलाच नकार देण्याची ताकदही त्याच्यापाशी होती.

बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाच्या आठवणींत साताऱ्याच्या दिवसांविषयी लिहिले आहे. भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, वडिलांपाशी पैसे नव्हते असेही नाही; अस्पृश्याच्या डोक्याला हात लावणारा न्हावी नव्हता. हे वाचले तेव्हा मला लिंबाखालची आमची ओळ आठवली. सुभेदाराच्या घरातली बहीण आणि धर्माबादकडचा माझा बाप, दोघांनाही जातीनेच न्हावी केले होते.

वर पुन्हा आम्हालाच घाणेरडे म्हणायचे! पाणवठा बंद, धोबी बंद, न्हावी बंद. आणि मग बोट दाखवून सांगायचे, पाहा, हे कसे राहतात. आधी साधन काढून घ्यायचे आणि मग त्या साधनाच्या अभावालाच आमचा स्वभाव म्हणायचे, ही या व्यवस्थेची जुनी चलाखी आहे.

आता रेझरकडे वळतो. पात्याला अडसर लावून कातडी वाचवण्याची कल्पना युरोपात अठराव्या शतकापासून होती. पण ती सामान्य माणसाच्या हातात आली ती किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यामुळे. धार लावत बसण्याऐवजी पातळ पोलादाचे पाते वापरावे आणि झिजले की फेकून द्यावे, ही त्याची कल्पना. असे पाते बनवणे शक्य नाही, असे जाणकार सांगत. विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने ते बनवून दाखवले. १९०३ साली पहिल्या वर्षात अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. १९०४ साली पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी रेझरची विक्री नव्वद हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि घरी स्वतः दाढी करण्याची सवय घेऊनच ती पिढी युद्धावरून परतली. याच जिलेटने १८९४ साली ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचे पुस्तक लिहून स्पर्धा नसलेल्या समाजाचे स्वप्न रंगवले होते. त्याचे स्वप्न कागदावर राहिले, पाते जगभर गेले.

पण अमेरिकेतल्या त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न काय होता? न्हाव्याकडे जायला वेळ नाही आणि रोजचा खर्च परवडत नाही. खुर्ची त्याच्यासाठी रिकामी होती. तो ती सोडून घरी आला. आम्हाला सोडायला खुर्चीच नव्हती. एकच वस्तू दोन समाजांत गेली तर तिचा इतिहास एक राहत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या वाड्यात रेझर आला तो १९५७ च्या उन्हाळ्यात. माझे चुलते नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. आदल्या वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, डिसेंबरात ते गेले. घरोघरचे देव निघाले होते, मेलेली ढोरे ओढणे आम्ही बंद केले होते. अशा दिवसांत चुलते पत्र्याचा एक स्वस्तातला रेझर आणि पात्यांची एक पुडी घेऊन आले. सगळा वाडा जमला. वडिलांनी वस्तऱ्याच्या सवयीने तो गालावर दाबला आणि तीन ठिकाणी रक्त काढले. पत्रा वाकायचा, पाते एका बाजूने वर यायचे. कार्बन पोलादाची ती पाती. पुसून ठेवली नाहीत तर दुसऱ्या दिवशी तांबेरा चढायचा. तरी एकेक पाते महिनाभर चालवायचे. काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने बोटाने दाबून घासले की थोडी धार परत यायची. एका पात्याने चारपाच जण दाढी करीत. रक्तातून कावीळ पसरते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

चांगला रेझर मला औरंगाबादला भेटला. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात मी १९६० साली गेलो. धर्माबादला गाडीत बसले की ती मीटरगेजची गाडी थेट औरंगाबादला उतरवी. वसतिगृहात वरच्या वर्गातल्या एका मित्राकडे पितळेचा जड रेझर होता. मी दाबून दाढी करताना पाहून तो हसला. म्हणाला, ‘अरे, हात हलका ठेव. वजन त्याचं आहे, तुझं कशाला घालतोस?’ त्याने रेझरचे तीन तुकडे सोडवून दाखवले. वरची टोपी पात्याला कमानीसारखे वाकवते, त्यामुळे ते थरथरत नाही. खालचा दाता कातडी आधी सपाट करतो आणि पात्याची जेमतेम कड बाहेर राहते. दांडा गालापासून साधारण तीस अंशांत धरायचा, आधी कोमट पाण्याने केस मऊ करायचे, केसांच्या दिशेने उतरायचे. शिष्यवृत्तीचे पैसे आले तसा मी गुलमंडीवरून तसलाच एक आणला. त्या दिवशी आरशात मी माझा चेहरा पहिल्यांदा निवांत पाहिला. रक्त नाही, आग नाही, कोणाची विनवणी नाही.

सुटीत तो गावी नेला. वडिलांची दाढी मी केली. त्यांनी गालावरून हात फिरवला, बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले आणि वस्तरा आढ्याला खोचून ठेवला.

इथेच हा लेख संपवता आला असता. विज्ञानाने जातीवर मात केली, असे एक छानसे वाक्य लिहून मोकळे होता आले असते. पण ते खोटे ठरले असते.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाबद्दलच्या कलमावर चर्चा झाली. त्यातल्या ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम व्यापक केला. येणाऱ्या कोणालाही मालक जिथे आपली सेवा द्यायला तयार असतो, ते दुकान. केवळ आत शिरण्याची मुभा नव्हे, तर देऊ केलेली सेवा मागण्याचा अधिकार. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात दुकानाच्या व्याख्येत लाँड्रीबरोबर केशकर्तनालयाचे नाव घातले गेले. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. देशाच्या कायद्याला सलूनचे नाव घ्यावे लागले, यावरूनच तो प्रश्न किती खोल होता हे दिसते.

शिक्षक होऊन मी गावाकडे परतलो तेव्हा गावात सलून निघाले होते. लाकडी खुर्ची, भिंतीवर आरसा. मी आत जाऊन बसलो. चालवणारा तरुण गोंधळला आणि बाकावर बसलेल्या एका जाणत्या माणसाने समजावणीच्या सुरात म्हटले, ‘गुरुजी, तुमच्याकडं आता चांगलं रेझर हाय की. मग हितं कशाला येता?’

त्या एका वाक्याने मी ताडकन जागा झालो. ज्या रेझरला मी मुक्ती समजत होतो, तोच माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला जात होता. तुमची सोय झाली, आता हक्क मागू नका! १९२७ साली महाडला हाच युक्तिवाद होता. चवदार तळ्याचे पाणी पिऊन आम्ही अमर होणार नाही, ते न पिताही आजवर जगलो आहोत. इतरांसारखीच आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, अशा आशयाचे बाबासाहेब तिथे बोलले होते. वेगळी विहीर म्हणजे तळे नव्हे. घरचा रेझर म्हणजे सलूनची खुर्ची नव्हे. मी उठलो नाही. दोन तास बसून राहिलो. त्या दिवशी दाढी झाली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही पाच जण गेलो, त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ. तिसऱ्या महिन्यात त्या तरुणाने माझ्या गळ्याभोवती कापड बांधले. त्याचे हात थरथरत होते.

आणि तरी रेझरला मी कमी लेखत नाही. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड-परभणीची खेडी पेटली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना त्यात जीव गमवावा लागला. त्या पावसाळ्यात आमच्या गावातही किराणा बंद, गिरणी बंद, आणि ती खुर्चीही पुन्हा बंद झाली. दळणासाठी बाया डोक्यावर ज्वारी घेऊन धर्माबादला चालत गेल्या. दाढीसाठी मात्र आम्हाला कोणापुढे जावे लागले नाही. बहिष्काराचे एक हत्यार आमच्यापुरते बोथट झाले होते.

तेव्हा मला जे कळले ते एवढेच की साधन बहिष्कार सोसण्याचे बळ देते; हक्क मात्र ते देत नाही. साधन नसेल तर माणूस लढ्यात लवकर वाकतो आणि लढा नसेल तर तेच साधन त्याला घरात कोंडून ठेवते. विहीर, शाळा, रेझर, सगळ्यांना हे लागू आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही स्पष्टपणे गुन्हा ठरला आहे. कार्यकर्त्यांनी खेड्यात पाहणीला गेल्यावर मंदिर आणि पाणवठ्याबरोबर सलूनचीही चौकशी करावी. खुर्ची एकच आहे का? टॉवेल एकच आहे का? की आमच्या माणसाला ‘घरी येऊन करतो’ असे गोड शब्दांत सांगितले जाते?

आणि न्हाव्याला शत्रू समजू नये. कपिलवस्तूच्या उपाली न्हाव्याला तथागतांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या दिली, कारण राजपुत्रांनी त्याला वंदन करावे अशी योजना होती. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला. माझ्या गळ्याभोवती थरथरत्या हाताने कापड बांधणाऱ्या त्या तरुणाला मी पुढे ही कथा सांगितली. त्याने ती कधी ऐकली नव्हती. ऐकून तो म्हणाला, ‘गुरुजी, हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही?’